उलटा, वजा करा, पुन्हा उलटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला दर रविवारी सकाळी आमचा गणिताचा छोटा कट्टा भरतो. चौथी-पाचवीची मुलं येतात, त्यांना सोडायला आलेले आजोबा मागच्या बाकावर बसतात, आणि तासाभराने आजोबाच जास्त प्रश्न विचारायला लागतात. संख्या उलटून वजा करण्याचा खेळ दिला की पुढचा आठवडाभर माझ्या फोनवर वह्यांचे फोटो येत राहतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. निम्मी भांडणं एकाच गोष्टीवरून होतात: पुढे आलेल्या शून्याचं काय करायचं? म्हणून प्रश्न २ न वाचता पुढे जाऊ नका.

१. ताई, खेळ नेमका काय आहे?

कोणतीही संख्या घ्या. तिचे अंक उलट क्रमाने लिहा. दोन्हींतल्या मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा, आणि करत राहा.

२०२६ घेऊ. उलटल्यावर ६२०२. वजाबाकी ४१७६. पुढे: ६७१४ − ४१७६ = २५३८; ८३५२ − २५३८ = ५८१४; ५८१४ − ४१८५ = १६२९; ९२६१ − १६२९ = ७६३२; ७६३२ − २३६७ = ५२६५; ५६२५ − ५२६५ = ३६०. मग ३६० मधून ६३ गेले की २९७, पुढे ४९५, ९९ आणि शेवटी ०.

आता महाराष्ट्र स्थापनेचं साल घ्या, १९६०. पहिल्या पायरीला १२६९, दुसरीला ८३५२, तिसरीला ५८१४. इथून पुढे ते २०२६ च्याच रुळावर धावतं. दोन गाड्या वेगळ्या स्टेशनांतून सुटतात आणि मध्येच एका ट्रॅकवर येतात, तसं इथे सारखं होतं. मुलांना सगळ्यात आधी हेच दिसतं, त्यामुळे एकाच पाटीवर दोघांनी दोन संख्या घेऊन खेळावं.

२. ९ उलटल्यावर ९ की ९०? माझ्या मुलीचं उत्तर ० येतंय, मैत्रिणीचं ८१.

दोघीही बरोबर आहेत, फक्त दोघी वेगवेगळे खेळ खेळतायत.

५४ मधून ४५ वजा केले की ९ उरतात. ते नुसतं ९ लिहिलं तर उलटून ९, वजाबाकी शून्य, खेळ खलास. पण सुरुवात दोन अंकांनी केली म्हणून उत्तरही दोन घरांत, ०९ असं लिहिलं, तर उलटून ९० होतात आणि ९० − ०९ = ८१. मग ८१ → ६३ → २७ → ४५ → ०९ → ८१. हा झाला पाच संख्यांचा फेरा.

कट्ट्यावर यांना नावं पडली आहेत: पुढचं शून्य पुसणारे ते 'पुसे', ठेवणारे ते 'ठेवे'. खाली हेच शब्द वापरते. काहीच म्हटलं नसेल तर पुशांचा नियम समजा. चूक कोणताच नाही, पण मधल्या पायरीवर नियम बदलायचा नाही. फोटोत येणाऱ्या चुकांपैकी बहुतेक अशाच असतात: तीन ओळी ठेवे, चौथ्या ओळीला पुसे.

३. उत्तर ऋण आलं तर?

येऊच द्यायचं नाही. मोठीतून लहान, एवढं पाळा. चिन्ह ठेवून खेळलात तरी आकडे तेच येतात, फक्त पुढे उणे लागतं.

४. वजाबाकीला प्रत्येक वेळी ९ नी भाग का जातो?

संख्या उलटली तरी तिच्यातले अंक तेच राहतात, म्हणून अंकांची बेरीजही तीच. एखाद्या संख्येला ९ नी भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. दोन्ही संख्यांची बाकी सारखी, म्हणजे वजाबाकीत ती उडून जाते.

माझे काका फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेब लिहायचे. तेरीज जुळली नाही की ते आधी फरकाला ९ नी भागून बघत. पुरा भाग गेला तर म्हणत, "कोणीतरी आकडे उलटसुलट मारलेत." ५४० च्या जागी ४५० लिहिलं तर फरक ९० चा पडतो. भाग गेला म्हणजे हीच चूक असं नक्की नाही, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. कॅल्क्युलेटर टेबलावर आला तरी त्यांची ही सवय सुटली नव्हती.

अंकांची संख्या विषम (तीन, पाच, सात) असेल तर वजाबाकीला ९ बरोबर ११ नेही भाग जातो. तीन अंकांत फरक ९९ च्या पाढ्यातलाच येतो. अंक सम असतील तर ११ ची हमी नाही: २०२६ चे ४१७६ झाले, आणि ४१७६ ला ११ नी भाग जात नाही.

५. हा आपल्या कापरेकरांचा ६१७४ चाच खेळ ना?

चुलत भाऊ म्हणा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. त्यांच्या खेळात अंक उलटायचे नसतात, लावून घ्यायचे असतात: आधी उतरत्या क्रमाने, मग चढत्या, आणि मग वजाबाकी. सगळे अंक सारखे नसतील तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. हे त्यांना १९४९ मध्ये सापडलं. जगभर गाजलं ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिल्यावर.

दोन अंकांत दोन्ही खेळ एकच आहेत. दोन अंक उलटा काय आणि लावा काय, जोडी तीच. म्हणून प्रश्न २ मधला पाचांचा फेरा कापरेकरांच्या खेळातही जसाच्या तसा सापडतो. तीन अंकांपासून वाटा फुटतात. कापरेकरांच्या खेळात तीन अंकी संख्या ४९५ वर थांबते, आपल्या खेळात ४९५ नुसतं एक वाटेतलं स्टेशन.

आणि ६१७४ चं आपल्याकडे काय होतं? ६१७४ − ४७१६ = १४५८, पुढे ७०८३, ३२७६, ३४४७, ३९९६, २९९७, ४९९५, ९९९, ०. नऊ पायऱ्यांत पुसलं जातं. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते साल, १८५३, करून बघा. चौथ्या पायरीला ४७१६ येतं, म्हणजे ६१७४ च उलटं, आणि तिथून पुढे हीच वाट.

जाता जाता: कापरेकरांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या एका कुळाला 'डेम्लो संख्या' म्हटलं. ही कल्पना त्यांना डोंबिवली (तेव्हाचं 'डेम्लो') स्टेशनात सुचली, म्हणून ते नाव. आमच्या डोंबिवलीकर मुलांना हे सांगितल्यापासून ती जरा ताठ बसतात.

६. आपल्या खेळात ६१७४ सारखी, स्वतःवरच थांबणारी संख्या आहे का?

शून्य सोडून एकही नाही. तशी संख्या असायला तिची उलट संख्या तिच्या बरोबर दुप्पट असायला हवी. दुपटीचा शेवटचा अंक सम असतो आणि तो मूळ संख्येचा पहिला अंक असणार. दुप्पट केल्यावर अंक वाढता कामा नयेत, म्हणून पहिला अंक २ किंवा ४. पहिला २ असेल तर शेवटचा १ किंवा ६ हवा, आणि दुप्पट त्याच अंकाने सुरू व्हायला हवी. पण २ ने सुरू होणाऱ्या संख्येची दुप्पट ४ किंवा ५ ने सुरू होते. पहिला ४ असेल तर शेवटचा २ किंवा ७, आणि दुप्पट मात्र ८ किंवा ९ ने सुरू होते. कुठेच जमत नाही. कागदाच्या चतकोरावर मावणारी सिद्धता आहे, सहावीच्या मुलांनाही समजते.

७. दोन अंकी फेऱ्यात पाचच संख्या का?

हा मला या खेळातला सगळ्यात गोड भाग वाटतो, म्हणून थोडं हळू जाऊ.

दोन अंकी वजाबाकी ९ च्या पाढ्यातली असते: ०९, १८, २७ ... ८१. ९ गुणिले कितीतरी लिहिताना दशकाच्या घरात त्या 'किती'पेक्षा एक कमी येतो आणि एककाच्या घरात १० मधून तो 'किती' वजा केल्यावर उरेल तो. नऊ सक ५४: सहापेक्षा एक कमी ५, दहातून सहा गेले ४. पुढच्या वजाबाकीला लागतो तो या दोन अंकांमधला फरक. तो निघतो 'कितीची दुप्पट' आणि ११ यांच्यातला फरक.

म्हणजे ९ चा पाढा बाजूला ठेवा आणि नुसता 'किती' बघा: दुप्पट करा, ११ शी फरक काढा. १ ची दुप्पट २, ११ शी फरक ९. ९ ची १८, फरक ७. ७ ची १४, फरक ३. ३ ची ६, फरक ५. ५ ची १०, फरक १. आलो परत. १ ते ९ मधल्या पाचही विषम संख्या एकाच माळेत ओवल्या गेल्या. दुप्पट सम आणि ११ विषम, म्हणून फरक कायम विषमच, शून्य कधीच नाही. सम संख्या एका उडीत माळेत येतात: २ वरून ७, ४ वरून ३, ६ वरून १, ८ वरून ५. म्हणून दोन वेगळे अंक असलेली कोणतीही संख्या घ्या, ठेव्यांच्या नियमात ती या फेऱ्यातून सुटत नाही.

८. तीन अंकांत काय होतं? मधल्या अंकाला काही किंमत आहे का?

पहिल्याच वजाबाकीत मधला अंक बाद होतो. ७१२ आणि ७९२ दोन्हींचं उत्तर ४९५. त्यानंतर मधल्या घरात कायम ९ येऊन बसतो. फेरा दोन अंकांचाच, पोटात ९ घालून: ०९९ → ८९१ → ६९३ → २९७ → ४९५ → ०९९. पुशांच्या नियमात ९९ झालं की पुढच्या पायरीला शून्य. हजाराच्या आतली प्रत्येक संख्या पुशांकडे शून्यावरच जाते.

९. १०८९ ची जादू हीच का? आमच्याकडे ती फसली.

माझीही फसली आहे, आणि सोसायटीच्या गणपतीत, माइक हातात असताना. जादू अशी: तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. उलटून वजा करा. आलेलं उत्तर उलटून आता त्यात मिळवा. उत्तर १०८९, पाकिटात आधीच लिहून ठेवलेलं.

समोरच्या मुलाने ३१२ घेतले. ३१२ − २१३ = ९९. त्याने ९९ उलटून ९९ मिळवले आणि १९८ म्हणून ओरडला. मांडवभर हशा. पाकीट उघडण्यात अर्थच उरला नव्हता. चूक माझी होती, मी त्याला 'तीन घरांत लिही' असं सांगितलंच नव्हतं. ०९९ लिहिलं असतं तर ०९९ + ९९० = १०८९. पहिल्या आणि शेवटच्या अंकात नेमका एकाचा फरक असेल तेव्हाच हा खड्डा येतो. तेव्हापासून मी पाटीवर तीन चौकोन आखूनच देते.

१०. सगळे २१७८, २१७८ करतात. त्यात एवढं काय आहे?

८७१२ − २१७८ = ६५३४. आणि ६५३४ − ४३५६ = २१७८. दोनच संख्यांचा फेरा, पुढे शून्य येतच नाही, त्यामुळे पुसे आणि ठेवे दोघांनाही तो सारखाच मिळतो.

या चौघांकडे नीट बघा: २१७८, ४३५६, ६५३४, ८७१२. पहिलीची एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट. २१७८ उलटली की चौपट होते, आणि चौपटीतून एकपट गेली की तिप्पट. तिप्पट उलटली की दुप्पट, आणि तिपटीतून दुप्पट गेली की पुन्हा एकपट. पाढ्याची एक ओळच स्वतःभोवती फिरतेय.

२१७८ म्हणजे १०८९ ची दुप्पट. १०८९ ला १ ते ९ मधल्या कोणत्याही अंकाने गुणा, चार घरं ठरलेली: तो अंक, त्यापेक्षा एक कमी, नवातून तो वजा, दहातून तो वजा. सहाने गुणल्यावर ६, ५, ३, ४. प्रश्न ७ सारखाच हिशेब केला तर इथे नियम निघतो: दुप्पट करा, १० शी फरक काढा. २ वरून ६, ६ वरून २. झाला फेरा. १ आणि ९ हे ८ वर येतात, ८ वरून ६. ३ आणि ७ हे ४ वर, ४ वरून २. एकटा ५ शून्यावर जातो, कारण ५ ची दुप्पट बरोबर १०. तिकडे ११ चं राज्य होतं म्हणून पाचांचा फेरा, इथे १० चं म्हणून दोघांचा.

११. चार अंकी संख्या बघून आधीच सांगता येतं का, ती २१७८ ला अडकेल की शून्यावर जाईल?

येतं. पहिल्या अंकातून शेवटचा वजा करा. दुसऱ्यातून तिसरा वजा करा. दोन्ही उत्तरं चिन्हासकट सारखी आली, आणि ती ० किंवा ५ (अधिक किंवा उणे) नसली, तर संख्या २१७८ च्या फेऱ्यात जाणार. उत्तरं विरुद्ध चिन्हांची असून चिन्ह सोडून त्यांची बेरीज ११ आली, आणि जोडी ३ व ८ ची नसली, तरीही तीच गत: ३०९१ चे ११८८, मग ७६२३, ४३५६ आणि २१७८. नाहीतर पुशांकडे शून्य.

७५२४: ७ − ४ = ३ आणि ५ − २ = ३. अडकणार. ७५२४ − ४२५७ = ३२६७, मग ४३५६, मग २१७८. याउलट १०५६: १ − ६ = −५ आणि ० − ५ = −५. पाच आला, म्हणून ६५०१ − १०५६ = ५४४५, आणि ते उलटसुलट सारखंच, म्हणजे शून्य.

अडकणारी सगळ्यात लहान संख्या १०१२. १००० ते ९९९९ या ९००० संख्यांपैकी बरोबर ६३७ अडकतात (सारख्या फरकाच्या ४८०, विरुद्ध चिन्हांच्या १५७), उरलेल्या ८३६३ शून्यावर जातात. हे हाताने मोजता येतं. दोन्ही फरक +३ असतील तर पहिला-शेवटचा अंक ७ प्रकारे आणि मधले दोन ७ प्रकारे, मिळून ४९. दोन्ही −३ असतील तर पहिला अंक शून्य चालत नाही म्हणून ६ गुणिले ७, म्हणजे ४२. असंच प्रत्येक फरकाचं आणि विरुद्ध चिन्हांच्या प्रत्येक जोडीचं काढून बेरीज करा.

एका आजोबांनी दाखवलं की अडकणाऱ्या सगळ्या संख्यांना ११ नी भाग जातो. बरोबर आहे. उलटं मात्र खरं नाही. १३०९ म्हणजे ११ गुणिले ११९, पण ती ७७२२, ५४४५ करत शून्यावर जाते.

१२. पाच अंक, सहा अंक घेतले तर?

२१७८ च्या पोटात ९ सारा: २१९७८. उलटल्यावर ८७९१२, बरोबर चौपट. वजाबाकी ६५९३४, आणि ६५९३४ − ४३९५६ = २१९७८. दोन ९ सारा, २१९९७८, तरी तेच. हवे तेवढे सारा. किंवा २१७८ च शेजारी शेजारी दोनदा लिहा, २१७८२१७८, तिचाही फेरा चालतो.

मुलं पहिली पाच अंकी संख्या हमखास १२३४५ घेतात. ४१९७६, २५९३८, ५८०१४, १६९२९, ७६०३२, ५२९६५. इथपर्यंत पाच अंक. मग ५६९२५ − ५२९६५ = ३९६०, एक घर गळालं. पुसे इथून ३२६७, ४३५६ आणि दहाव्या पायरीला २१७८. ठेवे मात्र ०३९६० लिहितात आणि ०२९७०, ०४९५०, ००९९०, ०८९१०, ०६९३० करत पुन्हा ०२९७० वर येतात. सुरुवात एक, नियम दोन, फेरे दोन.

१३. पिन कोड टाकून बघितले का?

हा प्रश्न दर बॅचला येतो. गिरगावचा ४००००४ उलटसुलट एकच, पहिल्याच फटक्यात शून्य. गिरगावकरांना हे सांगितलं की ते जरा खट्टू होतात. जीपीओचा ४००००१: २९९९९७, ४९९९९५, ९९९९९, ०. डोंबिवलीचा ४२१२०१ बारा पायऱ्या झुंजतो आणि शून्यावरच येतो.

पण दादर पश्चिमेचा ४०००२८ करून बघा: ४१९९७६, २५९९३८, ५८००१४, १६९९२९, ७६००३२, ५२९९६५, ३९९६०, ३२९६७, ४३९५६, २१९७८. अडकला! आता ही ओळ प्रश्न १२ मधल्या १२३४५ च्या ओळीशेजारी ठेवा. ४१९७६ आणि ४१९९७६, ५८०१४ आणि ५८००१४: मधला अंक प्रत्येक ठिकाणी दोनदा आलाय, बाकी वाट तीच. हे मला कट्ट्यावरच्या एका सातवीच्या मुलीने दाखवलं, मी दोन वर्षं हे दोन्ही फळ्यावर लिहीत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१४. याहून लांब फेरे आहेत का?

आहेत. आठ अंकांत चौदा संख्यांचा एक फेरा सापडतो. पूर्ण देते, कारण मध्येच सोडलं की लगेच 'पुढचं पाठवा' असे मेसेज येतात:

११४३६६७८ → ७६२२६७३३ → ४२४६४४६६ → २३९८१९५८ → ६१९३६९७४ → १३९७३०५८ → ७१०६४८७३ → ३३२१८८५६ → ३२६६२३७७ → ४४६६४२४६ → १९५८२३९८ → ६९७४६१९३ → ३०५८१३९७ → ४८७३७१०६ → परत ११४३६६७८.

एकाही पायरीला पुढे शून्य येत नाही, म्हणून पुसे-ठेवे वादच नाही. वजाबाकी हाताने करणार असाल तर प्रत्येक उत्तराला ९ नी भाग जातो का ते तपासत चला (प्रश्न ४). हातचा चुकला तर बहुतेक वेळा तिथेच कळतं.

१५. एखादी संख्या फेऱ्यात न अडकता कायम नव्या नव्या संख्या देत राहील का?

नाही. वजाबाकीत अंक कधी वाढत नाहीत. आठ अंकांनी सुरुवात केली तर उत्तर आठ अंकांच्या आतच राहणार, आणि अशा संख्या मोजक्या आहेत. कधीतरी जुनी संख्या पुन्हा येणारच, आणि आली की तिथून पुढे तेच ते. शून्य हाही एकाच संख्येचा फेरा समजा.

१६. वजा करण्याऐवजी मिळवलं तर?

मग वर दिलेली हमी उडते, कारण बेरजेत अंक वाढत जातात. तिथे प्रश्न असा असतो की उलटसुलट सारखी संख्या कधी येते. ५७ + ७५ = १३२, १३२ + २३१ = ३६३, झालं. ८९ ला मात्र २४ पायऱ्या लागतात आणि उत्तर येतं ८८१३२०००२३१८८. आणि १९६ अशी संख्या कधी देते का, हे आजवर कोणाला सिद्ध करता आलेलं नाही, संगणकावर प्रचंड पायऱ्या चालवूनही. कट्ट्यावर मी १९६ देत नाही. एका मुलाने अख्खी दोनशे पानी वही संपवली होती.

१७. एक्सेलमध्ये करताना उत्तर चुकतं.

तुम्ही ठेवे आहात आणि एक्सेल पुसे आहे. ०९९ टाइप केलंत की ते मुकाट्याने ९९ करतं. घराचं फॉरमॅट आधी 'टेक्स्ट' करा, किंवा उलटण्याआधी पुढे हवी तेवढी शून्यं जोडून घ्या. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरचंही तसंच. पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर एक्सेल शेवटचे अंक शून्य करून टाकतं, तिथे हा खेळ त्यात खेळूच नका.

१८. दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीत फेरे बदलतात का?

बदलतात. अष्टमान पद्धतीत (अंक ० ते ७ च) ठेव्यांचा दोन अंकी फेरा तिघांचाच: ०७ → ६१ → ४३ → ०७. वजाबाकी करताना हातचा दहाचा नाही, आठाचा घ्यायचा. प्रश्न ७ मधल्या ११ ची जागा इथे ९ घेतो: १ ची दुप्पट २, ९ शी फरक ७, मग ५, मग १.

१९. याचा उपयोग काय? स्कॉलरशिपला विचारतात का?

असाच्या असा विचारलेला मी पाहिलेला नाही. मुलं न कंटाळता पन्नास वजाबाक्या करतात, हा उपयोग मला पुरतो. केम्ब्रिजचे हार्डी, रामानुजनांना इंग्लंडला बोलावणारे, यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात नेमक्या ८७१२ आणि ९८०१ याच संख्यांचं उदाहरण दिलं होतं: आपल्या उलट संख्येच्या पटीत असलेल्या चार अंकी संख्या या दोनच, आणि गणितज्ञाला यात आकर्षण वाटावं असं काही नाही, असं त्यांचं मत. मोठ्या माणसाचं मत आहे, असू दे. त्यांना पाचवीच्या वर्गात २१७८ चा फेरा शिकवायचा नव्हता.

२०. गाडीचा नंबर ००९९ आहे. तो ९९ धरायचा की ००९९?

नंबरप्लेटवर शून्य रंगवलेलं असतं, म्हणजे आरटीओ ठेव्यांच्या बाजूचं आहे. ९९ धरलंत तर एका पायरीत शून्य. ००९९ धरलंत तर ९९०० − ००९९ = ९८०१, मग ८७१२, ६५३४ आणि २१७८. ०९९० चं नेमकं उलटं: ठेव्यांकडे ते उलटसुलट सारखं म्हणून लगेच शून्य, पुशांकडे ९९० होऊन ८९१, ६९३, २९७, ४९५, ९९ असं फिरून शून्य. प्रश्न ११ मधला नियम शून्याने सुरू होणाऱ्या नंबरांनाही लागू होतो, फक्त ठेव्यांकडे २१७८ ला अडकणारे नंबर ६३७ ऐवजी ७०४ होतात. जास्तीचे सदुसष्ट सगळे शून्याने सुरू होणारे. रिक्षात बसलात आणि सिग्नल लागला, तर पुढच्या गाडीचा नंबर बघा: पहिला उणे शेवटचा, दुसरा उणे तिसरा.